जॅक उचलतो, पण धरून कोण ठेवतो?

'साधी यंत्रे' हा पाठ शिकवताना आपण तरफ, उतरण, कप्पी आणि मळसूत्र यांची सूत्रे फळ्यावर लिहितो. उदाहरणे द्यायची तर अडकित्ता, पहार, विहिरीवरची कप्पी ही ठरलेली. यांपैकी दोन-तीन यंत्रे एकत्र आलेले एक अवजार मात्र गावातल्या प्रत्येक पंक्चरच्या दुकानात, ट्रकच्या केबिनमध्ये आणि ट्रॅक्टरच्या पेटीत पडलेले असते. ते म्हणजे जॅक. एक सडपातळ मुलगा दांडा फिरवतो आणि टनभर वजनाची ट्रॉली जमीन सोडते. हे दृश्य विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते, पण त्याचा पाठातल्या सूत्रांशी संबंध जोडायचा राहून जातो.

एवढे बल इतक्या स्वस्तात मिळू लागले की माणसाला कामे सुचू लागतात. रुतलेली ट्रॉली ओढायची आहे? साखळी बांधा आणि जॅक आडवा लावा. कुंपणाचा जुना खांब उपटायचा आहे? जॅक लावा. वाकलेला अँगल सरळ करणे, घट्ट बसलेले बेअरिंग दाबून काढणे, खचलेली तुळई वर उचलून धरणे, गाडी उचलून तिच्याखाली आडवे होऊन दुरुस्ती करणे, अशी ही यादी लांबतच जाते. यातली बरीच कामे अनेकदा नीट पारही पडतात आणि त्यामुळेच ती धोक्याची ठरतात. जे नऊ वेळा साधले ते दहाव्या वेळी का साधले नाही, हे सांगायला कधी कधी तो माणूस उरत नाही.

'जॅक जपून वापरा' एवढा उपदेश पुरेसा नाही. नेमके कशाला जपायचे हे कळायला हवे, आणि त्यासाठी लागणारे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. या लेखात आपण तोच हिशेब मांडून पाहू. सोयीसाठी बल न्यूटनऐवजी 'किलोग्रॅम-वजन' या व्यवहारातल्या एककात मोजू आणि नुसते 'किलो' म्हणू. ऊर्जा मात्र ज्यूलमध्येच मोजू.

अकरा किलोत एक टन

आधी मळसूत्राचा जॅक घेऊ. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याच्या कर्णाची रेघ पेन्सिलीवर आट्यांसारखी चढत जाते. म्हणजे मळसूत्र ही दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. जॅक फिरवताना आपण वजनाला एका लांबलचक, सौम्य उतरणीवरून वर ढकलत असतो.

समजा, मळसूत्राच्या दोन लगतच्या आट्यांतील अंतर ६ मिमी आहे आणि फिरवायचा दांडा ३० सेंमी लांब आहे. एका फेऱ्यात आपला हात २ × ३.१४ × ३० म्हणजे सुमारे १८८ सेंमी फिरतो आणि भार फक्त ६ मिमी वर जातो. या दोन अंतरांचे गुणोत्तर साधारण ३१४ येते. घर्षण नसतेच, तर १००० किलोचा भार उचलायला सव्वातीन किलो बल पुरले असते.

प्रत्यक्षात घर्षण असते, आणि भरपूर असते. मळसूत्राचा सरासरी व्यास ३२ मिमी आणि घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर कार्यक्षमता जेमतेम २८ टक्के येते. (भार टेकतो त्या माथ्याजवळचे घर्षण आपण हिशेबात घेतलेले नाही. ते धरले तर कार्यक्षमता आणखी घटते.) म्हणजे यांत्रिक फायदा ३१४ वरून ८८ वर आला. तरीही १००० किलोसाठी लागणारे बल झाले सुमारे साडेअकरा किलो. पाण्याने भरलेली मोठी बादली उचलण्याइतक्या जोरात एक टन वर जातो.

फुकट मात्र काहीच मिळालेले नाही. भार ३० सेंमी वर न्यायला ५० फेरे लागतील आणि तेवढ्यात हात ९४ मीटर फिरेल. भाराला मिळाले सुमारे २९०० ज्यूल, आपण खर्च केले सुमारे १०,५०० ज्यूल. यंत्रे निसर्गाला फसवू शकत नाहीत, हे गॅलिलिओने १६०० च्या सुमारास यंत्रांवरच्या आपल्या विवेचनात आग्रहाने मांडले होते. जॅक त्याचा चांगला दाखला आहे.

घर्षण हा चोर की राखणदार?

आपण खर्च केलेल्या ऊर्जेपैकी बहात्तर टक्के घर्षणाने खाल्ली. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही हानी. पण इथे एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा: दांडा सोडून दिल्यावर तो टनभर भार मळसूत्राला उलटे फिरवत खाली का येत नाही?

उतरणीवर ठेवलेली वस्तू कधी घसरते हे आठवावे. उतरणीचा कोन वाढवत नेला की एका ठरावीक कोनाला वस्तू सुटते. त्याला घर्षणकोन म्हणू. त्याचा टॅन्जन्ट म्हणजेच घर्षणगुणांक. गुणांक ०.१५ असेल तर हा कोन सुमारे साडेआठ अंश येतो. आपल्या मळसूत्राचा व्यास ३२ मिमी, म्हणजे परीघ सुमारे १०० मिमी, आणि चढ ६ मिमी. त्याच्या उतरणीचा कोन भरतो ३.४ अंश. तो घर्षणकोनापेक्षा लहान असल्यामुळे भार आपोआप घसरत नाही. अशा मळसूत्राला स्वयंरोधी म्हणतात. स्वयंरोधी मळसूत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. म्हणजे वर चढताना जो चोर वाटला तोच उचलून झाल्यावर राखणदार होतो. भार उचलतो आपला हात, आणि धरून ठेवते घर्षण.

हे एकदा लक्षात आले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. या राखणदाराला डुलकी कधी लागते? आट्यांना ग्रीस लावले की गुणांक ०.१० च्या आसपास येतो आणि घर्षणकोन ५.७ अंशांवर उतरतो. तो अजूनही ३.४ पेक्षा जास्त आहे, म्हणून ग्रीस लावलेला जॅकही भार धरतो. पण आपल्याजवळची राखीव शिल्लक निम्म्याहून कमी झाली. उरलेली शिल्लक हादरे खातात. इंजिन चालू आहे, कोणी हातोडा मारतो आहे, किंवा गंजलेला नट सोडवायला पान्याला हिसके देतो आहे. प्रत्येक हादऱ्याबरोबर आट्यांची एकमेकांवरची पकड क्षणभर सुटते आणि मळसूत्र किंचित फिरते. मोटारीचे नट रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ढिले होतात त्यामागेही हेच कारण असते.

वर्गात हे दाखवायला जॅक लागत नाही. एक गुळगुळीत फळी घ्यावी, तिच्यावर भरलेली काडेपेटी आडवी ठेवावी आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. काडेपेटी सुटते तेव्हा उचललेल्या टोकाची उंची मोजावी. मग फळी त्या उंचीच्या थोडी खाली स्थिर ठेवावी. काडेपेटी आता जागची हलत नाही. फळीच्या खालच्या बाजूने पेन्सिलीने टकटक करावी. प्रत्येक टकटकीला काडेपेटी थोडी थोडी सरकताना दिसेल. फळीला टाल्कम पावडर चोळून प्रयोग पुन्हा करावा. उचललेल्या जॅकखाली हातोडा का चालवू नये, हे या दोन मिनिटांत विद्यार्थ्यांना जेवढे पटेल तेवढे तासभर बोलून पटणार नाही.

खटक्याचा उंच जॅक

आता दुसरा प्रकार पाहू. अमेरिकेतल्या शेतांवर एक उंच, सडसडीत जॅक वापरतात. त्याला तिथे फार्म जॅक म्हणतात. त्यांतल्या 'हाय-लिफ्ट' या प्रसिद्ध बनावटीचा इतिहास इंडियाना राज्यात १९०५ पर्यंत मागे जातो. अमेरिकेप्रमाणेच ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या आडवाटांवर जाणाऱ्या गाड्यांवरही तो बांधलेला दिसतो. आपल्याकडे जीप घेऊन डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्या हौशी मंडळींनी तो आणला आहे. 'काहीही करणारा जॅक' अशीच त्याची ख्याती आहे. उचलणे, ओढणे, दाबून धरणे आणि फाकवणे ही चारही कामे त्याच्याकडून करून घेतात.

त्याची रचना सोपी आहे. सुमारे १.२ मीटर उंचीची पोलादी पट्टी, तिला ओळीने भोके, आणि त्या पट्टीवर चढणारी एक पेटी. पेटीत स्प्रिंग लावलेल्या दोन खिळ्या असतात. दांडा खाली दाबला की एक खिळी भार धरून राहते आणि दुसरी वरच्या भोकात शिरते. दांडा वर नेला की पहिलीही एक भोक वर सरकते. माणूस शिडी चढताना एक पाय टेकून दुसरा उचलतो, तसेच हे. संपूर्ण जॅकचे वजन सुमारे १३ किलो आणि क्षमता सुमारे २१०० किलो.

इथे मळसूत्रासारखा घर्षणाचा राखणदार नाही. भार धरतात त्या दोन खिळ्या. भोकात चिखल, वाळू किंवा गंज साचला, स्प्रिंग अडकली, तर खिळी पूर्ण आत जात नाही. ती काठावर टेकून राहते आणि बाहेरून मात्र सारे ठीक दिसते.

खरी परीक्षा भार उतरवताना असते. उलट दिशेचा खटका लावला की भार एका खिळीवरून दुसरीवर जातो, आणि त्या मधल्या क्षणी तो दांड्यामार्फत आपल्या हातावर येतो. समजा, दांड्याच्या तरफेचे गुणोत्तर २० आहे. मग १००० किलोचा भार दांड्याला ५० किलोच्या जोराने वर फेकू पाहतो. चढवताना आपण भाराला ढकलत होतो, आता भार आपल्याला ढकलतो. हात निसटला की दांडा उसळतो, आणि वाकून काम करणाऱ्याची हनुवटी बरोबर त्याच्या वाटेत असते. दांडा पट्टीला चिकटून उभा असल्याशिवाय खटका उलटा करू नये, दांडा दोन्ही हातांनी धरावा आणि डोके त्याच्या वाटेबाहेर ठेवावे, या नियमांचे कारण हेच.

दुसरी गंमत याच्या उलट आहे. या जॅकवर निदान ६८ किलो भार नसेल, तर उतरवताना तो पायरी पायरीने उतरतच नाही. पेटी घसरत थेट तळाशी येते. कमी भार म्हणजे कमी धोका, ही आपली सहज समजूत इथे चुकते. खांब उपटताना नेमके हेच आडवे येते. मातीने धरून ठेवलेला खांब शेकडो किलोच्या जोराने ओढला जात असतो, आणि माती सुटली की त्याच क्षणी भार खांबाच्या वजनापुरता उरतो. माणूस सारा जोर लावून दांड्यावर झुकलेला असताना समोरचा विरोध नाहीसा होतो. जॅक, खांब आणि माणूस तिघेही तोल गमावतात.

पायाखालची जमीन

जॅक तुटल्यामुळेच अपघात होतो असे नाही. जॅक शाबूत राहूनही तो कलंडू शकतो. या उंच जॅकचा तळ साधारण १० सेंमी × १८ सेंमी असतो, म्हणजे १८० चौरस सेंमी. त्यावर १००० किलो आले की दर चौरस सेंमीला साडेपाच किलोचा दाब पडतो. साठ किलोचा माणूस दोन पायांवर उभा असताना त्याचे तळवे सुमारे ३०० चौरस सेंमी जागा व्यापतात असे धरले, तर त्याचा दाब दर चौरस सेंमीला ०.२ किलो येतो. जॅकचा दाब त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट झाला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत माणसाचे पाय रुततात, तिथे जॅकची काय कथा? बरे, तो सरळ खाली रुतला तर निदान फक्त उंची कमी होते. पण माती सगळीकडे सारखी नसते. एक कड जास्त रुतते आणि जॅक वाकडा होतो.

किती वाकडा झालेला चालेल? भार जमिनीपासून ८० सेंमी उंच असेल आणि तळाच्या अरुंद बाजूची रुंदी १० सेंमी असेल, तर भाराची उभी रेषा तळाच्या बाहेर जायला वरचे टोक फक्त ५ सेंमी सरकणे पुरते. हा कोन झाला साडेतीन अंशांच्या जरा वर. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. त्याच्या जेमतेम साठ टक्के एवढाच हा कल. तो नुसत्या डोळ्यांनी सहज ओळखू येत नाही.

यात आणखी एक भर पडते. गाडीचे मागचे टोक उचलताना ते सरळ वर जात नाही. पुढच्या चाकांभोवती ते वर्तुळाच्या कंसावर फिरते. पुढच्या चाकांपासून उचलायची जागा ३ मीटर दूर असेल आणि ती ६० सेंमी वर नेली, तर पायथागोरसच्या सिद्धांताने ती पुढे सुमारे ६ सेंमी सरकते. ती जागा मुळात जमिनीपासून उंच असल्याने प्रत्यक्षातले सरकणे याहून जास्त भरते. म्हणजे जमीन कितीही पक्की असली, जॅक कितीही ओळंब्यात लावला, तरी उचलणे चालू असतानाच तो हळूहळू तिरपा होत जातो किंवा गाडी तरी सरकू पाहते. हँडब्रेक मागच्या चाकांना लागत असेल आणि तीच चाके हवेत असतील, तर गाडीला रोखणारे काहीच उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावणे, म्हणजे दगड किंवा लाकडी पाचर घट्ट बसवणे, हे आपले ट्रकवाले जुन्या शहाणपणाने करत आले आहेत. त्यामागचे गणित हे असे आहे.

उंची कमी पडते म्हणून जॅकखाली विटा रचण्याची सवय तर सगळ्यांत वाईट. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा सारखा पसरलेला दाब सोसतात, पण एका बिंदूवर किंवा कडेवर भार आला की न वाकता एकदम फुटतात. लाकूड आधी करकरते, चेपते, सूचना देते. म्हणून खाली घालायचा तो जाड, सपाट, अखंड लाकडी पाट असावा. ४० सेंमी × ४० सेंमी पाटाने वरचा साडेपाच किलोचा दाब ०.६ किलोवर येतो.

पाव सेकंदाची गोष्ट

गाडीखाली झोपून काम करणाऱ्यांचा एक ठाम विश्वास असतो: 'काही हलले तर बाहेर सरकता येईल.' हा विश्वास पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राला लावून पाहू. माणसाची छाती आणि वरचा सांगाडा यांत समजा १५ सेंमी अंतर आहे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला १५ सेंमी अंतर कापायला सुमारे ०.१७ सेकंद लागतो. अपेक्षित इशाऱ्यालाही हाताचे बोट हलवून प्रतिसाद द्यायला सर्वसाधारण माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. बाहेर सरकणे दूरच, काय झाले हे कळायच्या आतच सारे संपलेले असते. चपळाईचा इथे काहीच उपयोग नाही.

विद्यार्थ्यांना प्रतिसादाचा वेळ मोजायला लावावा. एकाने मोजपट्टी उभी धरून अचानक सोडावी, दुसऱ्याने ती बोटांच्या चिमटीत पकडावी. पट्टी बहुधा १५ ते २० सेंमी निसटल्यावरच हाती लागते. मग त्यांना सांगावे की निसटलेले हे अंतर म्हणजेच गाडीखालच्या माणसाच्या छातीवरची मोकळी जागा.

ऊर्जेचाही हिशेब करू. गाडीच्या एका बाजूचा ५०० किलो भार अर्धा मीटर उचलला, तर त्यात सुमारे २४५० ज्यूल स्थितिज ऊर्जा साठते. पाच किलोचा दगड ५० मीटर उंचीवरून, म्हणजे सोळा-सतरा मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडला, तर तो जमिनीवर आदळताना नेमकी एवढीच ऊर्जा घेऊन येतो. तसा दगड दोरीला टांगलेला असेल तर त्याच्याखाली कोणी डुलकी काढणार नाही. उचललेली गाडी मात्र शांत उभी असते, म्हणून तिची भीती वाटत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो गॅरेजमध्ये मिळतो. गाडी जॅकने उचलावी, मग तिच्या सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लोखंडी घोडी किंवा पक्के लाकडी ओंडके लावावेत आणि भार त्यांच्यावर उतरवावा. घोडीचा तळ रुंद असतो, तिच्यात हलणारा भाग नसतो, म्हणून धरून ठेवण्याचे काम तिला जमते. हे झाल्यावरसुद्धा खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून पाहावी. तेलाच्या जॅकलाही हाच नियम लागू आहे. तिथे भार धरते एक रबरी वळे, आणि ते झिजले की तेल गळते आणि भार हळूहळू उतरतो.

आडवा जॅक आणि ताणलेला दोर

आता ओढण्याचे काम पाहू. उंच जॅक आडवा ठेवून एक टोक झाडाला आणि दुसरे रुतलेल्या गाडीला बांधतात. इथे वजन वर गेलेले नसते, म्हणून ऊर्जा साठलेली दिसत नाही. पण ती दोरात साठते. ताणलेल्या दोरातली ऊर्जा ढोबळमानाने बल आणि वाढलेली लांबी यांच्या गुणाकाराच्या निम्मी. १००० किलोच्या ताणाने नायलॉनचा लांब दोर एक मीटर वाढला, तर त्यात सुमारे ४९०० ज्यूल साठतात. त्याच ताणाने साखळी एक सेंटिमीटर वाढली, तर तिच्यात फक्त ४९. ताण सारखाच, ऊर्जा शंभर पट.

दोर तुटला किंवा गाडीचा कमकुवत आकडा उपटला, तर ही ऊर्जा गतीत बदलते. तिचा चौथा हिस्सा जरी एक किलोच्या आकड्याला मिळाला, तरी तो सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाने सुटतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत बघे उभे असतात, आणि त्यांत मुले पुढे असतात. म्हणून जॅकने ओढायचेच असेल तर क्षमता माहीत असलेली साखळी वापरावी, जॅकला एका वेळी मीटरभरच ओढता येते हे लक्षात ठेवावे, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दुपटीने दूर, बाजूला पाठवावे. बहुतेक वेळा चाकासमोरची माती फावड्याने काढून खाली फळ्या टाकल्या तर हे करावेच लागत नाही.

बेअरिंग दाबणे किंवा वाकलेले लोखंड फाकवणे यातही हाच छुपा साठा असतो. पोलादी चौकट डोळ्यांना न दिसेल इतकी ताणली जाते. बेअरिंगचे कडक केलेले पोलाद वाकत नाही, तडकते, आणि त्याचे तुकडे उडतात. शिवाय जॅक सरळ दाबासाठी घडवलेला असतो. बल थोडे तिरपे झाले तर मधला तुकडा साबणाच्या वडीसारखा निसटतो.

फ्यूज आणि जाड तार

घरातला फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपण पाहिले आहेत. तार टिकते आणि मग भिंतीतली वायर जळते. जॅकच्या बाबतीत हीच चूक दोन प्रकारे होते.

पहिली म्हणजे दांड्यात पाइप घालून तो लांब करणे. दांड्याची लांबी कारखान्यात सहज ठरवलेली नसते. साधारण माणसाचा जोर त्या लांबीने गुणला की जॅकच्या क्षमतेच्या आसपास बल यावे, असा तो हिशेब असतो. दांडा हलेना, याचा अर्थ जॅक आपल्याला 'पुरे' म्हणतो आहे. पाइप लावून लांबी दुप्पट केली की तो इशारा दाबला जातो आणि आटे, खिळ्या किंवा पट्टी यांच्यावर दुप्पट बल येते.

दुसरी म्हणजे तुटलेल्या बोल्टच्या जागी हाती लागेल तो कडक बोल्ट घालणे. उंच जॅकमध्ये एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. भार मर्यादेबाहेर गेला की आधी तो तुटावा आणि बाकीचा जॅक वाचावा, अशी योजना असते. त्याच्या जागी मजबूत बोल्ट घातला की पुढच्या वेळी काय तुटेल हे कोणीच सांगू शकत नाही.

वर्गात काय करता येईल?

खेड्यात असो वा शहरात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर एखादे गॅरेज असतेच. विद्यार्थ्यांना तिथे न्यावे, पण उचललेल्या गाडीजवळ न नेता जॅक बाहेर मोकळ्या जागेत मागून घ्यावा. एका फेऱ्यात मळसूत्र किती वर जाते ते मोजावे, दांड्याची लांबी मोजावी आणि गुणोत्तर काढावे. जॅकवर कोरलेली क्षमता शोधावी. तळाचे क्षेत्रफळ काढून दाबाचा हिशेब करावा. मग मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत: हा भार कोण धरतो? ते धरणारे सुटले तर पुढे कोण धरेल? आणि ते सुटताना माणूस कुठे असेल?

गॅरेजातला मिस्त्री बहुतेक नियम अनुभवाने जाणतो, पण त्याच्या हाताखालच्या पोराला ते कोणी कारणांसह सांगितलेले नसतात. हाती आहे त्या अवजाराने काम भागवण्याची कल्पकता ही आपल्या लोकांची मोठी शिदोरी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. खांब उपटायला जॅक लावावा असे सुचणे हीसुद्धा यंत्राची समजच आहे. अवजार नव्या कामाला लावताना त्याच्या मूळ कामातली कोणती अट आपण मोडतो आहोत, एवढे तपासले की ती समज पुरी होते. जॅकच्या अटी मोजक्या आहेत: भार उभा आणि सरळ, जमीन पक्की, हादरे नाहीत, क्षमतेची मर्यादा पाळलेली, आणि उचलून झाल्यावर दुसरा आधार.

वर्गातली कितीतरी मुले सुट्टीत वडिलांच्या ट्रॅक्टरखाली किंवा काकाच्या गॅरेजात हात काळे करतात. 'साधी यंत्रे' हा पाठ परीक्षेत पाच गुणांचा असेल. या मुलांच्या बाबतीत तो त्याहून बराच मोलाचा आहे.